भुयारी गटारांचे संग्रहालय : काय मांडावे, काय झाकू नये

(घाटकोपर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने अभ्यासवर्गात महागाई, बेकारी किंवा अंदाजपत्रक यांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी आज गटारांवर बोलणार आहे, आणि तेही गटारांच्या संग्रहालयावर. याचे निमित्त असे की, काही दिवसांपूर्वी आपल्यापैकीच एका तरुण साथीने मला विचारले, "पॅरिसमध्ये म्हणे भुयारी गटारांचे संग्रहालय आहे आणि लोक तिकीट काढून ते पाहायला जातात. मग मुंबईत का असू नये?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी विचार करू लागलो, आणि माझ्या ध्यानात आले की, सार्वजनिक आयव्यय हा विषय मी वर्षानुवर्षे शिकवला, परंतु ज्या इमारतीत बसून शिकवला तिचे सांडपाणी कोठे जाते, हे मी एकदाही विचारले नव्हते, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही ते कधी विचारले नाही. आपल्या शिक्षणाची घडणच अशी आहे की, नळ उघडल्यावर पाणी कोठून आले हे थोडेफार ठाऊक असते. ते कोठे गेले आणि कोणी नेले, हे ठाऊक नसते.

तेव्हा असे संग्रहालय मुंबईत असावे काय, असल्यास कोठे असावे आणि त्यात काय मांडावे, या प्रश्नांचा आज विचार करू. माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. संग्रहालय असावे, आणि ते उपनगरात असावे. परंतु त्यासाठी एक अट आपण पुरी करून घेतली पाहिजे. ती कोणती, हे ओघाने येईलच.

परदेशांतील दालने

प्रथम इतरांनी काय केले ते पाहू. पॅरिसची आधुनिक भुयारी गटारे १८५० नंतरच्या दोन दशकांत बेलग्रां या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधली गेली. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनापासून ती जनतेला दाखवण्यात येऊ लागली. सभ्य स्त्रीपुरुष नावांत आणि गाड्यांत बसून जमिनीखालच्या त्या बोगद्यांतून फेरी मारीत. आज सीन नदीवरील आल्मा पुलाजवळ त्यांचे संग्रहालय आहे. दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये ते पुन्हा खुले झाले. तेथे एक मोठा गोळा ठेवलेला असतो. नदीच्या तळाखालून जाणाऱ्या वाहिनीत असा गोळा सोडला की मागून येणाऱ्या पाण्याचा दाब त्याला पुढे ढकलतो आणि साचलेला गाळ आपोआप लोटला जातो. एकोणिसाव्या शतकात योजलेली ही साधी युक्ती आहे. जेथे माणूस शिरू शकत नाही किंवा त्याने शिरू नये, तेथे पाण्याकडूनच काम करून घ्यायचे, हे त्यामागील तत्त्व आहे. अर्थात पॅरिसचे कामगार आजही गटारांत उतरतात; परंतु ताठ उभे राहता येईल अशा बोगद्यांत, आणि त्यांचे काम आरोग्यास अपायकारक आहे हे मान्य करून त्यांना लवकर निवृत्त होण्याचा हक्क दिलेला आहे. तो हक्क संघटनेच्या बळावर टिकून आहे.

लंडनची कथा अधिक बोधप्रद आहे. कॉलऱ्याच्या साथींत तेथील गरीब वस्त्या वर्षानुवर्षे मरत होत्या, तोवर पार्लमेंटला घाई नव्हती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या दालनांत शिरली, चुन्याच्या द्रावणात भिजवलेले पडदे खिडक्यांना लावूनही सभासदांना बसवेना, तेव्हा काही आठवड्यांत कायदा झाला आणि बॅझलजेट या अभियंत्याच्या योजनेला पैसा मिळाला. १८६५ मध्ये सुरू झालेले क्रॉसनेसचे उदंचन केंद्र आज जतन केले आहे, आणि तेथील वाफेचे अवाढव्य इंजिन लोक कौतुकाने पाहतात. कौतुक रास्तच आहे. परंतु राज्यकर्त्यांच्या नाकाला वास लागेपर्यंत सार्वजनिक आरोग्याला पैसा मिळत नाही, हा धडा त्या इंजिनापेक्षाही जपून ठेवण्यासारखा आहे.

आपल्या देशात दिल्लीला सुलभ संस्थेने १९९२ मध्ये शौचालयांचे संग्रहालय काढले. त्यात निरनिराळ्या काळांतील शौचकुपांचे नमुने आहेत. हे काम चांगलेच आहे. पण शौचालय म्हणजे व्यवस्थेचे एक टोक. तेथून पुढचा प्रवास जमिनीखाली होतो, आणि खरा प्रश्न त्या प्रवासाचा आहे.

पाणी उपनगराचे, गटार शहराचे

आता मुंबईकडे वळू. मुंबई शहराला नळाचे पाणी मिळाले ते १८६० मध्ये, विहार तलावातून. १८७९ मध्ये त्याला तुळशीची जोड मिळाली. हे दोन्ही तलाव कोठे आहेत? आजच्या उपनगरांत, साष्टी बेटाच्या डोंगरांत. म्हणजे पाणी उपनगराने दिले आणि ते नळांतून माहीमची खाडी ओलांडून शहरात गेले. पाणी आले की सांडपाणी निघते, हा निसर्गाचा हिशेब आहे. त्यामुळे पाठोपाठ शहरात भुयारी गटारांच्या योजना आल्या आणि मैल्याचा ओघ वरळीच्या लव्ह ग्रोव्हकडे नेण्यात आला. तेथे तो उपसून समुद्रात सोडण्यात येऊ लागला. मुंबई सखल असल्याने हे उपसणे अपरिहार्य आहे. भुयारी गटाराला उतार लागतो. उतार देत गेले की वाहिनी खोल खोल जाते. शेवटी ती समुद्रसपाटीच्याही खाली पोहोचते, आणि तेथून मैला वर काढण्यावाचून गत्यंतर नसते. ज्या दिवशी पंप थांबतील, त्या दिवशी शहर आपल्याच घाणीत उभे राहील.

परंतु पंप येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही, जेथे वाहिन्या नव्हत्या तेथे मैला कोण वाहत होते? त्या काळच्या म्युनिसिपालिटीच्या दप्तरात त्यांना 'हलालखोर' म्हटले आहे. घरमालकांकडून 'हलालखोर कर' घेतला जाई आणि ही माणसे टोपल्यांतून मैला वाहत. आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात गिरणी कामगारांचे संप आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेतच. परंतु १८८९ मध्ये मुंबईच्या हलालखोरांनी संप केला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्या संपाने शहर हादरले. आणि पाठोपाठ १८९० मध्ये सरकारने काय केले? वेतन वाढवले नाही, कायदा केला. आवश्यक सेवेतील म्युनिसिपल नोकराने मुदतीची नोटीस दिल्यावाचून काम सोडणे हा फौजदारी गुन्हा ठरला. ज्या कामाला समाज अस्पृश्य मानत होता, ते काम नाकारणे मात्र तुरुंगात जाण्याजोगा अपराध झाला. डॉ. आंबेडकरांनी या विषमतेवर नेमके बोट ठेवले होते, आणि १९३० च्या दशकात मुंबईतील म्युनिसिपल कामगारांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला होता.

१८९६ मध्ये प्लेग आला. गटारांतील घाणीमुळे प्लेग होतो अशा समजुतीने अधिकाऱ्यांनी गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुऊन काढली. रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे नंतर सिद्ध झाले. शहर रिकामे होऊ लागले, आणि तेव्हा अधिकाऱ्यांना सर्वांत मोठी धास्ती पडली ती ही की, हलालखोर आणि झाडूवाले पळून गेले तर मुंबईत राहणेच अशक्य होईल. त्या धास्तीपोटी त्यांनी प्लेगचे कडक हुकूम सौम्य केले. साथींनो, शहर कोणाच्या खांद्यावर उभे आहे, याची यापेक्षा स्पष्ट कबुली दुसरी कोणती असेल?

याच काळातील आणखी एक नोंद संग्रहालयात अवश्य मांडावी. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून वापरला गेला. जगातील अशा आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. लंडन आपला मैला नदीत सोडून देण्यासाठी भरमसाट खर्च करते, त्याचा दुसरा काही उपयोग त्याला सुचत नाही, अशी टीका मार्क्सने 'कॅपिटल'च्या तिसऱ्या खंडात केली आहे. समाजाने बहिष्कृत केलेल्या माणसांच्या आश्रमात त्या प्रश्नाचे एक उत्तर शोधले जात होते.

महापालिका आली, वाहिनी आली नाही

आज आपण बसलो आहोत ते घाटकोपर १९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेत आले. त्या वर्षी हद्द पश्चिमेला अंधेरी-जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढली. १९५७ मध्ये बोरिवली, दहिसर आणि मुलुंड आत आले. महापालिकेचे कर लगेच आले. भुयारी वाहिन्या मात्र पुढील कित्येक वर्षे रखडत आल्या. मधल्या काळात इमारती उभ्या राहिल्या त्या सेप्टिक टाकीच्या भरवशावर, आणि झोपड्या उभ्या राहिल्या त्या कोणत्याच भरवशाविना. पुढे मुंबईच्या मलनिःसारणाचे सात विभाग पडले : कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर. वर्सोवा, भांडुप आणि घाटकोपर येथे उघड्या तलावांत हवा खेळवून मैला काही प्रमाणात शुद्ध करण्याची सोय झाली आणि ते पाणी खाडीत सोडण्यात येऊ लागले.

'भांडुप पंपिंग स्टेशन' हे नाव हल्ली पक्षिनिरीक्षकांच्या तोंडी असते. हिवाळ्यात रविवारी सकाळी दुर्बिणी घेऊन मंडळी तेथे जातात. ठाणे खाडीतील रोहित पक्षी पाहतात. ही खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. याचा मला आनंदच आहे. परंतु त्या नावातील 'पंपिंग' या शब्दाचा अर्थ काय, तेथे काय उपसले जाते आणि ते काम कोण करते, असा प्रश्न त्या मंडळींपैकी फारसे कोणी विचारत नसावे.

येथे एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. मुंबईत मैल्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि पावसाच्या पाण्याची गटारे व नाले वेगळे, अशी रचना आहे. पॅरिसमध्ये दोन्ही एकत्र वाहतात. आपल्याकडे ती कागदावर वेगळी आहेत. प्रत्यक्षात ज्या वस्तीला मलवाहिनी मिळालेली नाही, तिचा मैला नाल्यात जातो. जायला दुसरी जागाच नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी घराघरांत शिरली, तेव्हा लोकांच्या स्वयंपाकघरांत जे पाणी आले ते निव्वळ पावसाचे नव्हते. त्या आपत्तीनंतर मिठीकाठच्या झोपड्यांना दोष देणारे पुष्कळ निघाले. त्या झोपड्यांना वाहिनी का मिळाली नव्हती, हा प्रश्न मागे पडला.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. त्यांच्यासाठी सार्वजनिक शौचालये आहेत. त्यांतील कित्येकांखाली वाहिनी नसून टाकी आहे. सर्वांत अधिक हाल होतात ते स्त्रियांचे. डॉ. लोहियांनी स्त्रियांच्या शौचालयाचा प्रश्न राजकारणाच्या व्यासपीठावर आणला, तेव्हा प्रतिष्ठितांनी नाके मुरडली होती. २०११ मध्ये मुंबईतील 'कोरो' आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे, हा अन्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला. मृणालताई गोरे यांनी गोरेगावात पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर आणले, म्हणून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. त्या लढ्याचा उत्तरार्ध अजून बाकी आहे. पाण्याचा हक्क मिळवणाऱ्या वस्तीला सांडपाण्याच्या निचऱ्याचाही हक्क मिळाला पाहिजे.

मॅनहोलचे अर्थशास्त्र

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मलवाहिनीत किंवा सेप्टिक टाकीत कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. तो थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच मरते. म्हणजे धोका सर्वांत अधिक असतो तेव्हा वास येईनासा होतो. आत प्राणवायूही कमी असतो. पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यासाठी तिसरा. म्हणून या बातम्यांत बहुधा एक नव्हे, दोन-तीन नावे असतात.

येथून जवळच, गोवंडीत, डिसेंबर २०१९ मध्ये असेच घडले. एका खासगी गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टाकीत उतरलेले तीन कामगार मरण पावले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ही १० लाखांची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच ठरवून दिली होती. २०२३ मध्ये ती ३० लाख करण्यात आली. म्हणजे कायदा होता, निकाल होता, तरीही तीन विधवांना दारोदार फिरावे लागले.

कायदा काय म्हणतो? हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा पहिला कायदा १९९३ चा. त्याहून व्यापक कायदा २०१३ चा. त्यात गटारांच्या व टाक्यांच्या 'धोकादायक सफाई'वर बंदी आहे. परंतु व्याख्या वाचून पाहा. मालकाने संरक्षक साधने दिली नाहीत आणि सुरक्षेचे नियम पाळले नाहीत, तर ती सफाई 'धोकादायक'. म्हणजे माणसाला गटारात उतरवण्यावर सरसकट बंदी नाही. साधनांविना उतरवण्यावर आहे. साधने दिली होती असे कागदावर दाखवले की सुटका होते. पुढे आणखी एक शब्दच्छल आहे. सरकार सांगते की, हाताने मैला वाहण्यामुळे कोणीही मेलेले नाही. जे मेले ते 'धोकादायक सफाई'त मेले. २०२२ मध्ये लोकसभेत सरकारनेच आकडा दिला : पाच वर्षांत गटारे आणि टाक्या साफ करताना ३४७ मृत्यू. एका रकान्यात शून्य आणि दुसऱ्या रकान्यात ३४७. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना हा रकान्यांचा भेद कोणी समजावून सांगावा? २०२३ पासून केंद्राने सफाईच्या यांत्रिकीकरणाची योजना आणली आहे आणि तिला 'नमस्ते' हे नाव दिले आहे. नमस्कार उत्तम, यंत्र वस्तीपर्यंत पोहोचते की नाही, ते पाहण्याचे काम आपले आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला विचाराल की, यंत्रे उपलब्ध असताना माणूस का उतरवतात, तर उत्तर कठीण नाही. मार्क्सने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात नोंदवले आहे की, इंग्लंडमध्ये कालव्यातील नावा ओढायला घोड्यांऐवजी कधीकधी स्त्रियांना जुंपत असत. कारण घोड्याला किंवा यंत्राला किती खर्च येतो याचा हिशेब असतो, आणि फाजील ठरलेल्या लोकसंख्येतील स्त्रीला जगवण्याच्या खर्चाचा हिशेबच कोणी करत नाही. आपल्या मॅनहोलच्या तोंडाशी तेच घडते. जेटिंग आणि सक्शनच्या गाडीला भाडे द्यावे लागते; तिच्यासाठी थांबावे लागते; अरुंद गल्लीत ती शिरत नाही. नाक्यावर उभा असलेला माणूस ताबडतोब मिळतो, आणि तो मेला तर त्याची किंमत काम देणाऱ्याच्या खिशातून सहसा जात नाही. सोसायटी कंत्राटदाराकडे बोट दाखवते, कंत्राटदार मुकादमाकडे, आणि मुकादम नशिबाकडे. जोपर्यंत मृत्यूचा खर्च काम देणाऱ्यावर पडत नाही, तोपर्यंत माणूस यंत्रापेक्षा स्वस्तच राहणार. याला बाजाराचा न्याय म्हणणारे अर्थशास्त्री आहेत. मी त्यांच्यातला नाही.

आणि नाक्यावर उभा असलेला तो माणूस बहुधा कोणत्या जातीचा असतो, हे मी सांगण्याची आवश्यकता आहे काय? लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. त्या कुटुंबांच्या दृष्टीने हा हक्क मोलाचा आहे; कायम नोकरी आणि पगार त्यावर अवलंबून असतो. म्हणून तो काढून घ्या, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी कधीही उभा राहणार नाही. परंतु शिकलेल्या मुलालाही बापाचाच झाडू हाती घ्यावा लागतो, कारण दुसरे दार उघडत नाही, ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे. दुसरीकडे, कंत्राटी कामगाराला तेवढाही आधार नसतो. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे झुंज देऊन २,७०० कंत्राटी कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा निर्णय मिळवला आणि २०१७ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात टिकवला. संघटित झाल्यास काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

त्याच वर्षी, २९ ऑगस्टच्या अतिवृष्टीत, एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. सर्व मुंबई हळहळली, आणि हळहळणे योग्यच होते. पुढे मॅनहोलवर जाळ्या बसवण्याची चर्चा न्यायालयापर्यंत गेली. नकळत आत पडणारा माणूस आणि कामासाठी आत उतरवला जाणारा माणूस, दोघांचाही जीव तोच. पहिल्यासाठी जाळी हवी, हे शहराला पटले आहे. दुसऱ्याविषयी अजून पटायचे आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराच्या मृत्यूचा आळ एका लोकशाहिराच्या गाण्यावर घेतला जातो. गाणाऱ्यावर खटला चालतो. त्या माणसाला साधनांविना आत उतरवणारी व्यवस्था मात्र आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर राहते.

आपला वारसा आणि त्याची मर्यादा

आपण स्वतःलाही तपासले पाहिजे. सेनापती बापटांनी पारनेरात पहाटे उठून गावाची सफाई केली. अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मागितला, त्यासाठी १९३२ मध्ये उपोषण केले, आणि गांधीजींनी त्यांना उपोषणानेच साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणारे संडास तयार केले. हा वारसा थोर आहे. सवर्णाने झाडू हाती घेणे हे त्या काळी बंड होते.

परंतु त्या वारशाची एक मर्यादाही होती. सफाईला सेवा आणि तपश्चर्या म्हणून गौरवताना, जो माणूस ती पोटासाठी आणि जन्मामुळे करतो त्याच्या वेतनाचा, सुट्टीचा आणि ते काम सोडून जाण्याच्या हक्काचा प्रश्न मागे पडत गेला. आंबेडकरांचा आक्षेप याच ठिकाणी होता, आणि तो बरोबर होता. आज हाती झाडू घेऊन छायाचित्र काढून घेणे हा तर सरकारी कार्यक्रम झाला आहे. आपले काम वेगळे आहे. अप्पासाहेबांकडून संडासाची रचना बदलण्याची जिद्द घ्यावी आणि आंबेडकरांकडून संघटना व हक्क यांचा आग्रह घ्यावा. दोन्हींची गरज आहे.

संग्रहालय कसे असावे

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतील सात मलशुद्धीकरण केंद्रांचे भूमिपूजन झाले. वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, भांडुप आणि घाटकोपर. घोषित खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये आणि सर्वांची मिळून क्षमता दररोज सुमारे २४६ कोटी लिटर. घाटकोपरच्या वाट्याला त्यातील ३३.७ कोटी लिटर. हा पैसा जनतेचा आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून लोकांना खुले आहे. बेस्टने अणिक आगारात आपल्या ट्राम-बसगाड्यांचे संग्रहालय केले आहे. तेव्हा संग्रहालय चालवणे आम्हाला जमणार नाही, असे महापालिकेने म्हणण्यात अर्थ नाही. घाटकोपर किंवा भांडुपच्या केंद्राच्या आवारात एक इमारत द्यावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. मी त्यात पुढील गोष्टी मांडीन.

पहिली, नकाशा. १८६० पासून प्रत्येक दशकात वाहिनी कोठवर पोहोचली, हे त्यावर दाखवावे. आणि जेथे आजही पोहोचली नाही, ती जागा कोरी ठेवावी. शाळेतल्या मुलाने आपली वस्ती त्यावर शोधावी आणि ती कोऱ्या भागात का, असे विचारावे.

दुसरी, यंत्रे. उतार, पंप, भरती-ओहोटी आणि शुद्धीकरण यांचे कार्य चालत्या प्रतिकृतींवर समजावे. माटुंग्याच्या वायूचा आणि गोपुरीच्या संडासाचा प्रयोगही तेथे असावा. अभियंत्यांच्या कर्तबगारीला आपला आदर आहे, आणि तो दिसला पाहिजे.

तिसरी, कामगार. १८८९ चा संप आणि १८९० चा कायदा येथे मांडावा. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली आहेत, तशी छायाचित्रे भिंतीवर असावीत. निवृत्त कामगारांनीच हे दालन लोकांना समजावून सांगावे, आणि त्यासाठी त्यांना योग्य मानधन मिळावे.

आणि चौथी, एक काचेची पेटी. तिच्यात तीन वस्तू असाव्यात : दोर, बादली आणि तुंबलेली वाहिनी मोकळी करण्याची बांबूची लांब पट्टी. परंतु ही पेटी आज भरता येणार नाही. कारण संग्रहालयात ठेवायची ती वस्तू वापरातून गेलेली असावी लागते, आणि या तीन वस्तू अजून वापरात आहेत. आरंभी मी ज्या अटीचा उल्लेख केला, ती हीच. संग्रहालयाचे उद्घाटन व्हायचे असेल, तर त्याआधी माणसाला गटारात उतरवणे थांबले पाहिजे. ते थांबेपर्यंत ती पेटी रिकामी ठेवावी आणि ती रिकामी का आहे, हे तिच्यावर लिहावे.

उद्यापासून काय करायचे

अभ्यासवर्गातून उठताना हाती काही काम असावे, म्हणून चार गोष्टी सुचवतो. एक, आपापल्या प्रभागातील कोणत्या इमारती आणि कोणती सार्वजनिक शौचालये वाहिनीला जोडलेली नाहीत, याची यादी करा आणि ती प्रभाग कार्यालयात द्या. दोन, आपण ज्या सोसायटीत राहतो तिच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा की, टाकी किंवा चेंबर साफ करण्यासाठी माणूस उतरवला जाणार नाही; यंत्राचे भाडे सोसायटी देईल. तुम्हाला असे आढळेल की, वेतनवाढीच्या मोर्चात उत्साहाने येणारे आपले सहानुभूतिदारही या ठरावावर कुरकुरतात. तेथेच खरी परीक्षा आहे. तीन, गल्ल्यांत शिरू शकतील अशी लहान यंत्रे महापालिकेने प्रत्येक प्रभागात ठेवावीत आणि ती चालवण्याच्या नोकऱ्या आज आत उतरणाऱ्या कामगारांनाच, कायमस्वरूपी, मिळाव्यात, अशी मागणी लावून धरा. यंत्र आले आणि माणूस बेकार झाला, तर आपण एका अन्यायाच्या जागी दुसरा बसवला असे होईल. आणि चार, मृत्यू घडल्यास केवळ भरपाईवर समाधान मानू नका. २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो की नाही, आणि खटला शेवटास जातो की नाही, हे पाहा.

त्या तरुण साथीच्या प्रश्नापासून मी आरंभ केला होता. त्याला माझे उत्तर असे की, होय, मुंबईत असे संग्रहालय झाले पाहिजे, आणि ते घाटकोपरला झाले तर मी पहिले तिकीट काढीन. परंतु ते केव्हा होईल हे महापालिकेच्या अंदाजपत्रकावर जितके अवलंबून आहे, तितकेच आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत आपण हात वर करतो की नाही, यावरही अवलंबून आहे.